उखा आप्पांची डोलकाठी

उखा आप्पांनी आयुष्यात कधी काही उचललं नाही. ही माझी तक्रार नाही, त्यांचीच फुशारकी होती. सुरतेजवळ हजीऱ्याच्या एका कारखान्यात ते तीस-बत्तीस वर्षं रिगिंगचे फोरमन होते. लोखंडी मनोरे, बसएवढ्या टाक्या, चिमण्यांचे तुकडे जमिनीवरून उचलून जागेवर उभे करणं हे त्यांचं काम. उचलायची क्रेन, ओढायची टोळी, आणि आप्पा बाजूला उभे राहून शिटी वाजवायचे आणि हात हलवायचे. "साहेब, पाच किलोच्या वर वजनाला मी कधी हात लावला नाही," असं ते छाती काढून सांगत. पुढे त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी नेमकी हीच अट घातली. तेव्हापासून त्यांना उचलायची हौस आली.

त्यांचं खरं नाव उखर्डू. आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून हे जन्मल्यावर घरच्यांनी त्यांना उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं उचलून परत आणून दिलं, आणि मृत्यूला संशय येऊ नये म्हणून नावही तसलंच ठेवलं. अमळनेरकडच्या त्यांच्या गावात त्या वयाचे आणखी दोन उखर्डू होते. सुरतेला आल्यावर मात्र कारखान्याच्या हजेरीपत्रकात ते नाव त्यांच्या एकट्याचंच राहिलं. साठी ओलांडलेले, ठेंगणे, पोट थोडं पुढे, गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेली शिटी. निवृत्त झाल्यावरही ती शिटी गेली नाही. आंघोळीला जातानाच काय ती काढत असत.

माझी आणि त्यांची ओळख माझ्या कपाटामुळे झाली. बँकेनं माझी बदली साताऱ्याहून सुरतेला केली, आणि पांडेसऱ्याच्या अलीकडे एका सोसायटीत मला तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. लिफ्ट नाही. लोखंडी कपाट आणि चार हमाल दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकले, ते ना वर जात होते ना खाली. एवढ्यात खालून शिटी वाजली. पायजमा आणि बनियनमधला एक अनोळखी माणूस जिन्यात आला, त्यानं मूठ आवळून वर धरली आणि चौघे हमाल जागच्या जागी थिजले. मग त्यानं नुसत्या बोटांनी कपाट फिरवलं. हो, बोटांनीच. डावीकडच्याला करंगळी दाखवली, उजवीकडच्याला तळवा. शेवटच्या सात पायऱ्यांना त्यानं "जोर लगाके" म्हटलं आणि हमालांच्या तोंडून आपोआप "हैशा!" आलं. कपाट घरात आल्यावर माणूस म्हणाला, "मी उखा आप्पा, तळमजला. कपाटाचा उजवा पाय वाकडा शे, खाली पुठ्ठा लावा." आणि निघून गेला.

रिगिंगच्या टोळीला कारखान्यात खलाशी म्हणतात. त्या खलाशांचा समुद्राशी संबंध एवढाच की तो कुंपणापलीकडे होता. पण त्यांची ती हाळी खरी जुनी. एकानं "जोर लगाके" म्हणायचं, बाकीच्यांनी "हैशा" म्हणत एकाच दमात ताकद लावायची. आप्पा म्हणत, अर्धी ताकद दंडात असते आणि अर्धी त्या ओरडण्यात. वीस माणसं आपापल्या मनानं ओढायला लागली तर दोर तुटतो, लोड जागचा हलत नाही. म्हणून ओढणाऱ्यानं डोकं चालवायचं नाही. हाळी ऐकली की हात चालले पाहिजेत, मध्ये विचार येता कामा नये. ही सवय त्यांनी बत्तीस वर्षं लोकांच्या अंगात मुरवली, आणि ती किती मुरली होती हे त्यांना नको त्या दिवशी कळलं. ते पुढे येईल.

घरातही त्यांचा निम्मा संसार इशाऱ्यांवर चालायचा. चहा हवा असला की तर्जनी वर करून गोल फिरवायची. वाढताना भाजी पुरे झाली की मूठ. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे जिजी म्हणायचो. सुरतेत जन्म गेला तरी जिजी घरात अहिराणीच बोलायच्या आणि आप्पांची मूठ दिसली की हटकून आणखी एक डाव वाढायच्या. बाकी जग मात्र आप्पांना भीत असे. सुरतेतच लिंबायतला त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मामा नवरीला उचलून मांडवात घेऊन निघाला. भटजींनी अंतरपाट अजून धरलेला नव्हता. आप्पांच्या ते लक्षात आलं आणि सवयीनं त्यांची मूठ वर गेली. मामा जिथे होता तिथे थांबला. नवरी चांगली धष्टपुष्ट. अंतरपाट सापडेना, भटजी पिशव्या धुंडाळताहेत, मामाच्या मांड्या लटपटताहेत, पण आप्पांची मूठ उघडेपर्यंत नवरीला खाली ठेवायची त्याची छाती झाली नाही. मामाला नंतर आठवडाभर कमरेला पट्टा लावावा लागला. आप्पांचं म्हणणं, उचल उत्तम झाली, फक्त जागा तयार नव्हती.

अशा माणसाकडे होडी कुठून आली, ते सांगायला हवं. कारखान्यात नवं युनिट उभारायला एक परदेशी इंजिनीअर आला होता. एकटा जीव. त्यानं आपल्या देशातून एक छोटी शिडाची जोडहोडी मागवून घेतली. इंग्रजीत कॅटमरान म्हणतात ती. दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी, मध्ये आडव्या दांड्या, त्यांच्यावर ताणलेली जाळी, आणि पुढच्या दांडीवर बिजागरीनं बसणारी आठ मीटरची डोलकाठी. काठीचं वजन जेमतेम वीस किलो. तो साहेब ती खांद्यावर घेऊन, तिच्याखालून चालत चालत, हातांनी ढकलत एकटाच उभी करायचा. आप्पांनी एकदा ते पाहिलं आणि शिटी फुंकली. लोडखाली माणूस उभा राहतोच कसा? त्यांच्या बत्तीस वर्षांत ते घडलेलं नव्हतं. दुसऱ्या रविवारी त्यांनी बारा टनांची क्रेन आणवली, भोवती लाल-पांढरी पट्टी बांधली, साहेबाला हेल्मेट घालायला लावलं आणि वीस किलोची काठी क्रेननं उभी करून दिली. पुढची दोन वर्षं दर रविवारी हा सोहळा चालला. जाताना साहेब होडी आप्पांनाच देऊन गेला. मला वाटतं, त्या काठीकडे पाहायचं धैर्य त्याच्यात उरलं नसावं.

निवृत्तीनंतर आप्पांनी होडी मगदल्ल्याच्या बाजूला तापीच्या काठावर, एका मच्छीमाराच्या वाड्यात ठेवली. रविवारी रिक्षानं जायचं, भरती पाहून होडी पाण्यात लोटायची, तास-दोन तास नदीत राहायचं, परत यायचं. मी एकदाच त्यांच्याबरोबर गेलो, तेही काठी उभी झाल्यावर पोचून, आणि त्या दिवशी मला आप्पा ओळखू आले नाहीत. काठ सुटल्यावर त्यांनी शिटी गळ्यातून काढून खिशात टाकली. दोन तासांत त्यांचा हात एकदाही वर झाला नाही. दोरी पायाशी, सुकाणूवर दोन बोटं, नजर पाण्यावर. परत येताना मी विचारलं, इथे एवढं काय आहे? ते म्हणाले, "साहेब, बत्तीस वर्षं पन्नास माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. आप्पा, आता काय करू? आप्पा, सोडू का? आप्पा, धरू का? हात चुकला तर माणूस मरेल, ही भीती रोजची. इथे कोणी विचारत नाही." मी पुन्हा त्यांच्याबरोबर गेलो नाही. मी बसलो की ते एकटे राहत नव्हते.

मग ऑपरेशन झालं. छाती उघडून जोडली. पाच किलोच्या वर उचलायचं नाही, हात डोक्याच्या वर न्यायचे नाहीत. क्रेन तर निवृत्तीबरोबरच गेली होती. इतके दिवस आप्पा स्वतःच काठी कशीबशी उभी करत असत, बहुधा लोडखाली उभं राहूनच, पण ते कबूल करत नसत. आता तेही बंद झालं. काठावरच्या लोकांना मात्र मदत करायची भारी हौस. "अरे रहेवा दो ने काका, अमे बेठा छीए ने!" म्हणत चौघे-पाच जण धावत यायचे आणि मिनिटात काठी उभी करायचे. पण मदत केल्यावर ते तसेच जाळीवर चढून बसायचे. एकानं खमण आणलेलं असायचं. दुसरा विचारायचा, काका, तुमच्या खानदेशात नद्या आहेत का? तिसरा मोबाइलवर गाणी लावायचा. त्यांना उतरा म्हणायचं कसं? आप्पा दोन तास खमण खाऊन परत यायचे आणि घरी येऊन जिजींवर चिडायचे.

म्हणून त्यांनी ठरवलं, काठी एकट्यानं उभी करायची. आणि जिजींनी ठरवलं, होडी विकायची.

त्या भांडणाला मी साक्षीदार होतो. मुलगा नितीन नाशिकहून आला होता आणि तो आईच्या बाजूला होता. जिजी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बोलत होत्या, मला उद्देशून, पण आप्पांना ऐकू जाईल असं. "साहेब, यास्नं डोकं फिरेल शे. दवाखानामा मी बाहेर बसेल व्हतू. पाच तास. माले माहीत शे." आप्पा म्हणाले, ताकद लागणारच नाही, सगळं काम लोखंड करेल. जिजी म्हणाल्या, "मंग मनासमोर दखाडा. एकटा उभी करा. कोनाच हात नही लागाले पाह्यजे. नही जमनं, ते व्होडी ईकी टाका." थोडं थांबून त्यांनी स्वतःहून सवलतही दिली, "तीनदा करा, मनी ना नही." तिथे आप्पांचा फोरमन जागा झाला. "उचल एकदाच होते," ते म्हणाले. "मनोरा पडला तर दुसऱ्यांदा उचलायला कोण देतं? एकदाच." नितीननं माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर पाहिलं. असं ठरलं, आणि पंच म्हणून मला नेमलं गेलं. मी बँकेतला माणूस, तेव्हा मी चूक करणार नाही, अशी सर्वांची समजूत होती.

पुढचे दोन महिने सोसायटीनं सोसले. आप्पांनी गच्चीवर बांबू नेला आणि सराव सुरू केला. युक्ती साधी होती, ती त्यांनी मला दहा वेळा तरी सांगितली असेल. आडव्या काठीला नुसतं पुढून ओढलं तर ती उठत नाही, जमिनीवरच घासत राहते. म्हणून बुडाशी एक आखूड खांब उभा करायचा आणि दोर त्याच्या डोक्यावरून न्यायचा, म्हणजे ओढ वरून लागते. काठीचं टोक आधीच एका उंच लाकडी घोडीवर टेकवून ठेवायचं, कारण पहिली हातभर उचलच सगळ्यात जड असते. काठी डावी-उजवीकडे कलू नये म्हणून दोन्ही बाजूंच्या तारा आधीच अडकवायच्या. आणि दोराच्या शेवटी चेनपुली. साखळी खाली ओढत राहायचं. हातभर साखळी ओढली की काठी बोटभर उठते, आणि सोडली तरी मागे येत नाही. "एवढी ताकद तर नळ पिळायला लागते," आप्पा म्हणत. बांबू उभा राहायला तास लागायचा. त्या तासात ते साखळीच्या प्रत्येक ओढीला हळूच "जोर लगाके" म्हणत आणि हळूच स्वतःच "हैशा" म्हणत. दुसऱ्या मजल्यावरच्या देसाईबेननी गच्चीवर पापड वाळत घातले होते. त्यांच्या पापडांत दोनदा बांबू पडला. दोन्ही वेळा आप्पा पापडांजवळ नव्हते, बाजूला सुरक्षित उभे होते, हे त्यांनी देसाईबेनना अभिमानानं सांगितलं.

परीक्षेच्या रविवारी काठावर फक्त चौघे असायला हवे होते. आप्पा, जिजी, नितीन आणि मी. पण मी आदल्या आठवड्यात बँकेच्या काउंटरवर रामधनीला हे सगळं सांगून बसलो होतो. रामधनी आप्पांचा जुना क्रेन ऑपरेटर, बिहारचा, तोही आता निवृत्त. त्यानं कुणाला सांगितलं देव जाणे. आम्ही पोचलो तर वाळूत जुनी टोळी अख्खी उभी. कुणी कंबरेतून वाकलेला, कुणाचे दात गेलेले, सगळे इस्त्रीचे शर्ट घालून आलेले. शिवाय काठावरचे लोक, भजीवाला, आणि मच्छीमार रमेशभाई तांडेल. होडी विकली गेली तर घेणारे हेच. डुमसच्या किनाऱ्यावर येणाऱ्या लोकांना तिच्यातून फिरवायचा त्यांचा विचार होता. जिजींनी त्या गर्दीकडे पाहिलं आणि सरळ टोळीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "हात मांगे धरा," त्या म्हणाल्या. पंचवीस म्हाताऱ्यांनी शाळेतल्यासारखे हात पाठीमागे बांधले. रामधनी म्हणाला, "भाभी, कसम से, उंगली नहीं लगाएंगे."

आप्पांनी सुरुवात फार सुंदर केली. हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. दोन्ही तारा अडकवल्या, खांब उभा केला, चेनपुली वाळूत गाडलेल्या खुंट्याला बांधली. काही झालंच तर काठी धरून ठेवायला पुढच्या बाजूला एक जाड दोर मोकळा सोडला. प्रत्येक गाठ दोनदा तपासली. घाई नव्हती, धाप नव्हती. साखळी खुळखुळायला लागली आणि काठीचं टोक घोडीवरून उठलं. मी घड्याळ पाहत होतो, तेवीस मिनिटं. काठी निम्म्यावर आली आणि अडकली. डावीकडची तार होडीखालच्या ट्रॉलीच्या चाकाखाली गेली होती. आप्पांनी मूठ आवळून स्वतःलाच थांबवलं. मग लोडखालून न जाता, होडीला लांबून वळसा घालून ते पलीकडे गेले, वाकले, तार सोडवली, पुन्हा तेवढाच वळसा घालून परत आले. सरळ गेले असते तर चार पावलं होती.

परत आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी साखळी धरली, पण हात ओढेनात. जिजी उठून उभ्या राहिल्या. नितीन एक पाऊल पुढे आला आणि थांबला. काठी अर्ध्यावर, आप्पा साखळीला लटकल्यासारखे उभे. मला आजही त्यांची पाठ दिसते, बनियन घामानं चिकटलेली. त्यांनी एक दम घेतला. आणि मग, गच्चीवरच्यासारखं पुटपुटत नाही, कारखान्यातल्यासारखं, पोटातून, त्यांच्या तोंडून निघालं, "जोर लगाकेऽऽ!"

"हैशा!"

पंचवीस तोंडांतून एकच आवाज आला आणि मागे बांधलेले पन्नास हात सुटले. मोकळा पडलेला जाड दोर कुणी उचलला कळलंच नाही. काठी एका दमात उभी राहिली, चेनपुलीची साखळी सैल होऊन वाळूत पडली. गर्दीनं टाळ्या वाजवल्या. रामधनी दोर हातात धरून रडायलाच लागला, कारण कसम मोडल्याचं त्याच्या त्या क्षणी लक्षात आलं. आणि आता लपवून काय उपयोग, माझ्याही हातात दोर होता. मी पंच. मी रामधनीच्या मागे चौथा होतो. मी कधी धावलो, कधी वाकलो, मला खरोखर आठवत नाही, पण "हैशा" मीही ओरडलो होतो. माझ्या घड्याळाची काच त्यात फुटली.

आप्पा वळले. सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "फेल."

त्यानंतर अर्धा तास सगळ्यांनी त्यांना समजावलं. नितीन म्हणाला, पप्पा, जाऊ द्या, झालंच होतं. टोळी म्हणाली, चूक आमची आहे. मीही पंच म्हणून निकाल दिला की हा प्रयत्न धरता येणार नाही, पुढच्या रविवारी पुन्हा करावा. सगळ्यात नवल म्हणजे जिजी म्हणाल्या, "मी कुठे काय म्हनस? करा ना आखो एकदा." आप्पांनी मान हलवली. आम्ही दोघं जरा बाजूला आल्यावर त्यांनी मला सांगितलं, "साहेब, त्यांनी हात लावला नाही. मी मागितला. माझ्याच्यानं होईना, तेव्हा मी मागितला." मग जरा थांबून, "नि ते आले हो. अजून येतात." त्यांना याचं वाईट वाटत होतं की बरं वाटत होतं, ते मला तेव्हा कळलं नाही. आज वाटतं, दोन्ही एकदमच असेल. त्या दिवसाइतकी स्वतःची लाज मला क्वचितच वाटली आहे. माणसाला आयुष्यात एक गोष्ट एकट्यानं करायची होती, आणि आम्ही सगळ्यांनी प्रेमानं ती त्याच्या हातातून काढून घेतली.

होडी रमेशभाईंना द्यायची ठरली. दोन आठवड्यांनी, ताबा द्यायच्या दिवशी, आप्पांनी मला बरोबर घेतलं. गर्दी नको म्हणून कामाचा वार निवडला होता आणि रामधनीला शपथ घालून घरी बसवला होता. जिजीही आल्या, पण रिक्षातून उतरल्या नाहीत. काठावर रमेशभाई आणि त्यांचे तीन धाकटे भाऊ होते, चौघेही उंचेपुरे. आप्पा म्हणाले, होडी घेताय, पण काठी उभी करायची पद्धत एकदा बघून घ्या. आणि त्यांनी पुन्हा सगळं मांडलं. घोडी, खांब, तारा, चेनपुली. या वेळी डावी तार त्यांनी आधीच चाकापासून लांब बांधून घेतली.

एकेक ओढ. मध्ये विश्रांती, पाण्याचा घोट, पुन्हा एकेक ओढ. तोंडातून शब्द नाही. मी हात खिशात घालून उभा होतो, मुद्दामच. चौघे भाऊ आधी उत्सुकतेनं पाहत होते, मग कंटाळले, एकजण मोबाइल पाहू लागला. पन्नास मिनिटांनी काठी सरळ उभी राहिली. आप्पांनी पुढची तार खिळीनं पक्की केली, दोन पावलं मागे आले आणि वर टोकाकडे पाहिलं. कुणाचाही हात लागला नव्हता. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. नदीचं पाणी एव्हाना ओसरलं होतं आणि होडीपासून पाण्यापर्यंत नुसता चिखल होता.

मी रिक्षाकडे पाहिलं. जिजी बाहेर वाकून काठीकडे पाहत होत्या. "जमनं ना तुम्हले!" त्या ओरडल्या. "आते राहू द्या व्होडी!"

"शब्द दिधा शे," आप्पा म्हणाले.

रमेशभाई भला माणूस. त्यांनी आप्पांच्या पाया पडून म्हटलं, काका, तमारी मेहनत मानवी पडे, तुमच्या मेहनतीला मानलं पाहिजे, पण आम्हाला एवढं करायची गरज नाही. "अमे चार भाई छीए. हाथे ज ऊंचकी लईशुं." आणि दाखवायला म्हणून चौघांनी पुढची तार सोडली, काठी हातांवर झेलत आडवी केली, हसत हसत पुन्हा खांद्यांवर घेतली आणि उभी करून टाकली. अर्धं मिनिटही लागलं नसेल. धाकटा तर काठीच्या बरोबर खाली उभा होता.

आप्पांनी शिटी वाजवली नाही. त्यांनी चेनपुली खुंट्यावरून सोडवली, साखळी नीट गुंडाळून पेटीत ठेवली आणि पेटी चिखलातून पायानं सरकवत रमेशभाईंच्या पुढ्यात नेली. पाच किलोच्या वर होती ना. रमेशभाई नको नको म्हणत होते.

"आजे चार छो," आप्पा त्यांना म्हणाले. "राखो."

आज चौघे आहात, ठेवा; एवढंच म्हणून ते वळले. रमेशभाईंचं हसू जरासं मावळलं, आणि त्यांनी पेटीवर हात ठेवला. मी आप्पांच्या मागून चालत रिक्षापाशी आलो. त्यानंतर महिन्याभरात माझी बदली झाली आणि पुढच्या हिवाळ्यात आप्पा झोपेतच गेल्याचा नितीनचा फोन आला. त्यामुळे मला डोळ्यांसमोर दिसतात ते आप्पा त्या दिवशीचे, रिक्षाच्या दारातले. एक हात दांड्यावर, एक पाय वर ठेवलेला, आणि दुसरा पाय जमिनीवरून उठत नव्हता. पन्नास मिनिटांनी त्यांचं सगळं बळ घेतलं होतं. मी पुढे झालो. रिक्षावालाही आपल्या सीटवरून उतरून हात द्यायला आला.

जिजींनी आम्हा दोघांनाही अडवलं. "राहू दे भाऊ," त्या म्हणाल्या, "चढतीन." आणि पदर सावरून, आत सरकून त्यांनी जागा केली आणि समोर नदीकडे पाहत बसल्या. आम्ही सगळे थांबलो. बराच वेळ लागला.